बोलेल हो, थांबा थोडं!

मूल दोन वर्षांचं झालंय. हाक मारली तर वळून बघत नाही. काही दाखवायला बोट उचलत नाही. खेळण्यातल्या गाडीचं एकच चाक तासभर फिरवत बसतं. आईच्या मनात पाल चुकचुकते. ती त्याला कडेवर घेऊन डॉक्टरांकडे जाते. डॉक्टर म्हणतात, ‘बोलेल हो, थांबा थोडं. मुलगे उशिराच बोलतात.’

आई थांबते. किती थांबायचं, हे मात्र तिच्या कातडीचा रंग, तिची भाषा आणि तिच्या हातातलं विम्याचं कार्ड ठरवतं.

अतिशयोक्ती वाटते? अमेरिकेने हे मोजून ठेवलंय. २०२० साली ‘पेडियाट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात ५८४ कृष्णवर्णीय ऑटिस्टिक, म्हणजे स्वमग्न, मुलांचा अभ्यास आला. आईबापांना पहिली शंका आली तेव्हापासून निदान हाती पडेपर्यंत सरासरी तीन वर्षांहून जास्त काळ गेला होता. निदान झालं तेव्हा मुलाचं सरासरी वय होतं जवळपास साडेपाच वर्षं. यातल्या बहुतेकांकडे विमा होता, तेव्हा पैशाची सबबही पुरत नाही.

शंका वेळेत आली होती, एवढं फक्त लक्षात ठेवा.

कारण अशा प्रत्येक अहवालानंतर उपाय म्हणून एकच गोष्ट पुढे केली जाते: पालकांमध्ये जनजागृती. जे जागेच आहेत त्यांना आणखी किती वेळा जागं करणार? झोप लागलीय ती टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीला.

फिलाडेल्फियाचं उदाहरण घ्या. २००२ सालचा अभ्यास. सगळी मुलं गरिबांसाठीच्या ‘मेडिकेड’ या एकाच सरकारी विम्यातली. एकच शहर, एकच कार्ड. गोऱ्या मुलाचं निदान सरासरी ६.३ व्या वर्षी, कृष्णवर्णीय मुलाचं ७.९ व्या वर्षी. मधल्या दीड वर्षात गोरा मुलगा उपचारांना लागलेला असतो. कृष्णवर्णीय मुलाचं काय चाललेलं असतं?

त्याला शेरे मिळत असतात. हट्टी, आक्रमक, आईबापांचं न ऐकणारा. दवाखान्याच्या कागदावर हेच शेरे जरा भारदस्त शब्दांत येतात: वर्तनदोष, समायोजनाची अडचण. त्याच शास्त्रज्ञांनी २००७ मध्ये पुन्हा तपासलं, तर तज्ज्ञाच्या पहिल्या भेटीत ऑटिझमचं निदान होण्याची शक्यता कृष्णवर्णीय मुलांच्या बाबतीत गोऱ्यांच्या मानाने कितीतरी कमी निघाली. लक्षण एकच. गोऱ्या पोराने कानावर हात ठेवून किंचाळायला सुरुवात केली की त्याला तपासायला नेतात; काळ्या पोराला वर्गाबाहेर काढतात.

तेही अमेरिकेच्या शिक्षण खात्यानेच मोजलंय. २०१३-१४ साली सरकारी बालवाड्यांमध्ये कृष्णवर्णीय मुलं होती १९ टक्के. बालवाडीतून निलंबित झालेल्यांत ती होती ४७ टक्के.

बालवाडीतून निलंबित. तीन-चार वर्षांची पोरं.

हे काही आजचं नाही. ऑटिझमची शास्त्राशी पहिली ओळख झाली तीच अर्ध्या उघड्या दारातून. १९४३ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञाने ११ मुलांची हकिगत लिहिली. या मुलांचे आईबाप कमालीचे हुशार आणि शिकलेले आहेत, हे त्याने आवर्जून नोंदवलं. मग कित्येक वर्षं जग समजत राहिलं की हा सुशिक्षित गोऱ्यांच्या घरातला प्रकार. त्या काळात आपलं मूल घेऊन अशा तज्ज्ञापर्यंत पोचणं कुणाला परवडत होतं, हा साधा प्रश्न विचारायचा राहूनच गेला. बाल्टिमोरमध्ये कृष्णवर्णीय वस्ती काय कमी होती?

दार ज्यांना उघडं होतं तेच आत दिसले, आणि त्यांच्यावरून ऑटिझमचा चेहरा ठरला.

कुणी म्हणेल, ते दिवस गेले. खरंय, आकडे फिरलेत. अमेरिकेची सीडीसी ही सरकारी संस्था देशातल्या ठरावीक ठिकाणी आठ वर्षांच्या मुलांमधलं ऑटिझमचं प्रमाण दर दोन वर्षांनी काढते. २००० साली ते १५० मुलांत एक होतं, २०२२ मध्ये ३१ मुलांत एक. गोरी मुलं या यादीत बरीच वर्षं पुढे असायची. २०२० च्या पाहणीत पहिल्यांदाच उलटं झालं. गोऱ्यांत हजारी २४.३, कृष्णवर्णीयांत २९.३, हिस्पॅनिकांत ३१.६ आणि आशियाईंत ३३.४.

दरी बुजली म्हणून टाळ्या वाजवण्याआधी तोच अहवाल पुढे वाचा. ऑटिस्टिक म्हणून नोंदलेल्या कृष्णवर्णीय मुलांपैकी निम्म्यांना बौद्धिक अक्षमताही होती. गोऱ्यांत हे प्रमाण ३२ टक्क्यांच्या आत. एवढा फरक कुठून आला? माझ्या मते एक कारण उघड आहे. ज्यांचं वरवर फारसं अडत नाही अशी गोरी मुलंही यादीत येतात. तशीच कृष्णवर्णीय मुलं ‘वांड’ म्हणून खपून जातात. यादीत येण्यासाठी त्यांचं दुखणं दुप्पट दिसावं लागतं.

मिनिआपोलिसमध्ये जे घडलं ते आणखी कडू आहे. यादवी युद्धातून जीव वाचवून आलेल्या सोमाली कुटुंबांची तिथे मोठी वस्ती. २००८ च्या सुमाराला आयांच्या लक्षात आलं की विशेष बालवाडीच्या वर्गात आपलीच मुलं जास्त दिसतात. त्यांनी विचारलं, आमच्याच मुलांना का? प्रश्न रास्त होता. मिनेसोटा विद्यापीठाचं उत्तर यायला २०१३ चा डिसेंबर उजाडला: सोमाली मुलांत ३२ मध्ये एक, गोऱ्यांत ३६ मध्ये एक, म्हणजे जवळजवळ सारखंच. मात्र ऑटिस्टिक म्हणून नोंदलेल्या प्रत्येक सोमाली मुलाला बौद्धिक अक्षमताही होती.

प्रत्येक. मग सौम्य लक्षणांची सोमाली मुलं गेली कुठे?

आणि उत्तराची वाट बघण्याच्या त्या काळात वस्तीत कोण पोचलं? अँड्र्यू वेकफिल्ड. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीचा ऑटिझमशी संबंध जोडणारा ब्रिटिश डॉक्टर. १९९८ चा त्याचा निबंध अवघ्या १२ मुलांवरचा. ‘लॅन्सेट’ने तो २०१० मध्ये मागे घेतला आणि त्याच वर्षी ब्रिटनने त्याची वैद्यकीची सनद काढून घेतली. लशीने ऑटिझम होत नाही, हे तोवर पुन्हा पुन्हा सिद्ध झालेलं होतं. तरी त्याने सोमाली पालकांच्या भेटी घेतल्या. इतर लसविरोधी मंडळीही लागलेलीच होती. २००४ मध्ये मिनेसोटातल्या ९२ टक्के सोमाली बाळांना ही लस वेळेवर मिळत होती. २०१४ मध्ये ४२ टक्क्यांना. २०१७ मध्ये गोवराची साथ आली, ७५ जणांना लागण झाली, त्यात बहुतेक सोमाली मुलं.

त्या आयांना अडाणी म्हणून मोकळं होणं फार सोपं आहे. पण त्यांनी प्रश्न आधी सरकारी यंत्रणेलाच विचारला होता. यंत्रणेने पाच वर्षं घेतली. भोंदूकडे उत्तर तयार असतं, आणि तो घरी येऊन देतो.

आता टेक्सास. २००४ साली राज्याच्या शिक्षण खात्याने शाळांना एक मापदंड घालून दिला: विशेष शिक्षण घेणारी मुलं एकूण पटाच्या ८.५ टक्क्यांच्या आसपास असावीत. अपंगत्व किती असावं, हेच खात्याने ठरवून टाकलं! शाळांनी ओळखायचं ते ओळखलं आणि तपासण्या टाळायला सुरुवात केली. ‘ह्यूस्टन क्रॉनिकल’ने २०१६ मध्ये हे उघडकीला आणलं, तेव्हा घरी इंग्रजी न बोलणारी मुलं आणखीच मागे ठेवली गेल्याचंही दिसलं. २०१७ मध्ये विधिमंडळाने तो मापदंड मोडीत काढला, २०१८ मध्ये केंद्राच्या शिक्षण खात्याने तो बेकायदा ठरवला. मधल्या काळात जी मुलं सहा वर्षांची होती ती आता मोठी झालीत.

सहाव्या वर्षीची मदत विसाव्या वर्षी कशी देणार?

अमेरिकेचा कायदा मात्र चोख आहे, हे कबूल करायला हवं. अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा सांगतो की मुलाची तपासणी मोफत व्हावी आणि त्याच्या मातृभाषेत व्हावी. गरजू मुलं शोधून काढणं ही सरकारचीच जबाबदारी. अमेरिकेची बालरोगतज्ज्ञ संघटना सांगते की १८ आणि २४ व्या महिन्यात प्रत्येक बाळाची ऑटिझमसाठी चाळणी करा. आणि प्रत्यक्षात? कॅलिफोर्नियात, म्हणजे जिथे पावलोपावली स्पॅनिश ऐकू येते अशा राज्यात, २०१३ मध्ये डॉक्टरांना विचारलं. विकासाची आणि ऑटिझमची अशा दोन्ही चाळण्या स्पॅनिशमधून करणारे निघाले दहातला जेमतेम एक.

आईला इंग्रजी येत नसेल तर दुभाषी म्हणून कोण बसतं? पुष्कळदा घरातलीच थोरली मुलगी. दहा वर्षांच्या मुलीने डॉक्टरांचं ऐकून आईला सांगायचं की आपल्या बाळाचं काहीतरी वेगळं आहे. हे काम पोरीच्या गळ्यात कुणी आणि का घातलं?

भाषेचा अडसर ओलांडला तरी चाचणी समोर असतेच. जगभर मानल्या गेलेल्या ‘एडॉस’ चाचणीत लहानग्यांसाठी एक खेळ आहे: बाहुलीचा वाढदिवस. केक, त्यावर मेणबत्त्या, फुंकर, गाणं. मूल त्यात सामील होतं का, हे तज्ज्ञ टिपून घेतात. आता ज्या घरात वाढदिवस करायची पद्धतच नाही, किंवा ज्या छावणीत केक कुणी पाहिलेला नाही, तिथलं मूल गप्प बसून राहिलं, तर ते कशामुळे? शहाणा तज्ज्ञ थांबतो, घरची रीत विचारतो, खेळ बदलतो. शहाणा तज्ज्ञ भेटायला नशीब लागतं, आणि नशिबावर चालतो तो दवाखाना कसला?

नजरेचंही तसंच. नजरेला नजर देत नाही, हे ऑटिझमचं ठळक लक्षण. पण मोठ्यांकडे रोखून बघू नये असं शिकवणारी घरं जगात थोडी आहेत का?

यात आपली माणसंही आहेत. न्यू जर्सीत, टेक्सासमध्ये, कॅलिफोर्नियात मराठी घरांतली मुलं मोठी होताहेत. पगार चांगला, विमा चांगला, आईबाप शिकलेले. तरीही मूल बोलत नाही म्हटलं की एक वाक्य ठेवलेलं असतं: घरी दोन भाषा आहेत ना, म्हणून उशीर होतोय. म्हणजे पुन्हा थांबा. आणि एकदा निदान झालं की दुसरं वाक्य येतं: घरी मराठी बंद करा, फक्त इंग्रजी बोला.

हा सल्ला धडधडीत चुकीचा आहे. दोन भाषा कानावर पडल्याने ऑटिस्टिक मुलाची भाषा मागे पडत नाही, हे अनेक अभ्यासांत दिसून आलंय. सल्ला देणाऱ्याचं काही जात नाही. मुलाची आजी जाते. सुट्टीत साताऱ्याला आलेल्या नातवाशी ती कोणत्या भाषेत बोलणार? आणि आईने तिला धड येत नसलेल्या भाषेत अंगाई म्हणायची ती कुणासाठी?

परदेशात राहण्याचा परवानाही मध्ये येतो. ऑस्ट्रेलियात मुलाच्या ऑटिझममुळे सरकारवर खर्च पडेल, या कारणावरून कुटुंबांचे कायम निवासाचे अर्ज नाकारल्याची उदाहरणं आहेत. हे ऐकलेला बाप मुलाची तपासणी करून घेईल की कागदावर काही येऊ नये म्हणून गप्प बसेल? त्याला दोष देणाऱ्यांनी आधी त्याच्या जागी उभं राहून बघावं.

बरं, अमेरिकेची लक्तरं धुऊन झाली. इथलं काय?

आपल्याकडे अल्पसंख्य म्हटलं की चर्चा दोन मिनिटांत भलतीकडे जाते, म्हणून सांगून टाकतो. इथे मला दिसतात ती मराठी न बोलणारी, किंवा दवाखान्यातली मराठी न बोलणारी घरं. मालेगाव-भिवंडीतली उर्दू बोलणारी. नंदुरबारची भिली, मेळघाटातली कोरकू, भामरागडची माडिया. पालावरचे पारधी. त्यांच्या मुलांचं काय होतं?

कायद्यात तर ऑटिझम उशिराच शिरला. १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात तो नव्हताच. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आला, आणि अपंगत्वाच्या मुख्य यादीत यायला २०१६ चा कायदा व्हावा लागला. २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, तोही आपल्याच पालघरमधून. पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत यायचं, ३० प्रकारच्या तक्रारी बघायच्या, आणि शंका आली की जिल्ह्याच्या केंद्रात पाठवायचं. ऑटिझम त्या तीसमध्ये आहे. योजना चांगली आहे, मनापासून सांगतो.

पण पथक येतं त्या दिवशी मूल कुठे असतं? ऊसतोडीला गेलेल्या आईबरोबर ते साखर कारखान्याजवळच्या खोपीत असतं. अंगणवाडी बीडच्या गावात, पोर सांगलीच्या फडात. हजेरीत नाव आहे, तपासणीत मूल नाही.

आणि सापडलं तरी भामरागडहून गडचिरोलीला, दीडशे किलोमीटरहून जास्त, किती वेळा जायचं? एकदा तपासायला, एकदा ‘कान तपासून आणा’ म्हणून, एकदा डॉक्टर रजेवर म्हणून, एकदा दाखल्यासाठी. प्रत्येक खेपेला आईबापांची मजुरी बुडते. तिसऱ्या खेपेनंतर ते आले नाहीत, की कागदावर शेरा पडतो: पालकांचे सहकार्य नाही.

प्रमाणपत्रासाठी आपल्याकडे ‘इसा’ ही भारतीय मोजपट्टी वापरतात. ४० मुद्दे, पहिलाच नजरेला नजर देण्याचा. देशी मोजपट्टी आहे, ही मोठी सोय. मात्र कोरकू आईला या ४० गोष्टी विचारायच्या कोणत्या भाषेत? ‘मूल इतर मुलांत मिसळतं का’ या प्रश्नाचं तिचं उत्तर कोण समजून घेणार? शिपाई? रिक्षावाला?

पारध्याचं पोर हाक मारल्यावर वळलं नाही, एकटंच भिंतीला डोकं आपटत बसलं, तर शाळा ‘ऑटिझम’ म्हणेल की ‘यांची पोरं अशीच’? १८७१ च्या इंग्रजी कायद्याने ज्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, त्यांच्या लेकरांना तो शेरा १९५२ मध्ये कायदा गेल्यावरही चिकटून आहे. फिलाडेल्फियाच्या काळ्या पोराला जो मिळतो तोच.

आणि मुलगी असली तर? ती शांत बसते, कुणाला त्रास देत नाही. ‘गुणाची आहे हो पोर,’ म्हणतात.

तज्ज्ञच नाहीत, हे रडगाणं नेहमीचं. तज्ज्ञ कमी आहेत, खोटं नाही. म्हणून गोव्याकडे बघायला हवं. तिथल्या ‘संगत’ संस्थेने आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीच्या मंडळींनी मिळून एक प्रयोग केला. ब्रिटनमध्ये तयार झालेली पद्धत इथल्या घरांना जुळवून घेतली. तज्ज्ञ नसलेल्या, पण नीट शिकवलेल्या कार्यकर्त्यांनी आईबापांबरोबर बसायचं, मुलाशी खेळताना काय घडतं ते एकत्र बघायचं आणि कसं बोलावं ते दाखवायचं. ६५ मुलं, दोन देश. आईबाप आणि मुलं यांच्यातला संवाद सुधारला, आणि २०१६ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’ने तो निकाल छापला. तो उपचाराचा प्रयोग होता. पण शिकवलेली कार्यकर्ती उपचारात हात देऊ शकते, तर शंकेची पहिली नोंद तिला का जमणार नाही? आशाताई कोरकूच असते, माडियाच असते. तिला दुभाषी लागत नाही.

तिला लागतं प्रशिक्षण, त्या कामाचं मानधन, आणि तिने ‘या बाळाला बघा’ असं लिहिल्यावर वर कुणीतरी ते वाचणं.

आणि आकडे लागतात. अमेरिकेचे आकडे इतके घासून-पुसून सांगता आले, कारण तिथे मूल मोजताना वंशही मोजतात. म्हणून लाज वाटायला तरी जागा आहे. आपल्या २०११ च्या जनगणनेत अपंगत्वाचे आठ रकाने होते. दृष्टी, श्रवण, वाचा, हालचाल, मतिमंदता, मानसिक आजार, इतर आणि एकाहून अधिक. ऑटिझमचा रकाना नव्हता. ते मूल ‘मतिमंद’मध्ये गेलं, ‘इतर’मध्ये गेलं, की कशातच गेलं नाही, कोण जाणे.

आता २०२७ ची जनगणना आहे. या वेळी प्रत्येकाची जात विचारली जाणार, त्यावरून रणकंदनही पुष्कळ झालं. त्याच अर्जात ऑटिझमचा रकाना असावा म्हणून विधानसभेत किती आमदारांनी तोंड उघडलं?